दीडशे रुपये स्वीकारावेत, ही विनंती

परमपूज्य, प्रातःस्मरणीय, करकुलभूषण श्रीमान व्यवसाय कर साहेब यांचे चरणी वसमत, जिल्हा हिंगोली येथील एका किरकोळ हळद व्यापाऱ्याचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

पत्रास कारण की, आपले दीडशे रुपये माझ्याकडे पडून आहेत. आमच्या निजामाबादच्या गोदामावर जो माणूस आहे, त्याच्या पगारातून ते मी कापले आणि खतावणीत आपल्या नावाचे पान काढून जमाही केले. पैसे तयार, देणारा तयार. फक्त ते आपल्या हाती देण्याचा मान अजून मिळालेला नाही, कारण तेलंगणात आपण मला ओळखत नाही.

इकडे महाराष्ट्रात आपली ओळख जुनी. तेव्हा आधी जुन्या ओळखीबद्दल आभार मानतो, मग नव्या अनोळखीपणाबद्दल.

आपला जन्म १९७५ सालचा. पाळण्यातले नाव भारदस्त: महाराष्ट्र राज्य व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकऱ्या यांवरील कर. बाजारात मात्र सगळे आपल्याला नुसते पीटी म्हणतात, याबद्दल बाजाराच्या वतीने क्षमा मागतो.

आपण जन्मलात ते चांगल्या कामासाठी, हे मी थट्टेने लिहीत नाही. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याने खडी फोडली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी जी रोजगार हमी योजना मांडली, तिला पैसा हवा होता. शहरातल्या पगारदाराने थोडे द्यावे, सरकारने त्यात आपली भर घालावी आणि खेड्यात हाताला काम मिळावे, असा तो सरळ हिशेब होता. १९७७ साली योजनेचा कायदा झाला, १९७९ च्या २६ जानेवारीपासून तो लागू झाला. आमच्याकडच्या कितीतरी पाझर तलावांच्या आणि रस्त्यांच्या मातीत त्या मजुरीचा घाम आहे. त्या काळच्या आपणांस माझा खराखुरा नमस्कार.

पुढे दिल्लीने हीच कल्पना उचलली आणि २००५ साली देशासाठी कायदा केला. २००६ मध्ये पहिल्या दोनशे जिल्ह्यांत तो लागू झाला, त्यात आमचा हिंगोलीही होता. अकुशल कामाची मजुरी केंद्राने द्यायची, असे त्यात ठरले. ज्या कामासाठी आपणांस बोलावले होते, त्याचा मोठा भार दुसऱ्याने उचलला. पाहुणे काम झाल्यावर निघतात, अशी आमची खेडवळ समजूत. आपण राहिलात, हा आपला आमच्यावरचा लोभ.

लोभही कोणावर, तर सगळ्यात लहान माणसावर. केंद्र सरकारने आता नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला आयकर माफ केला आहे. बारा लाखवाल्याला अर्थमंत्री म्हणतात, जा बाबा, सुखी राहा. आमच्याकडे पॉलिशच्या ढोलावर जो गडी उभा असतो, ज्याच्या पापण्यांपर्यंत पिवळी पूड बसलेली असते, त्याला महिन्याला बारा हजार मिळतात. त्याच्याकडे अर्थमंत्र्यांचे लक्षही जात नाही. पण आपण त्याला विसरत नाही. पुरुषाचा पगार साडेसात हजारांच्या वर एक रुपया गेला, की आपण महिन्याला १७५ रुपये मागता आणि दहा हजारांच्या वर गेला की २००. गरिबाची अशी आठवण हल्ली कोण ठेवतो?

आपल्या दरबारी सगळे समान, हा तर आपला सर्वांत थोर गुण. दहा हजार एक रुपया पगार घेणारा वर्षाला अडीच हजार देतो आणि महिन्याला दहा लाख घेणाराही अडीच हजारच देतो. पहिल्याच्या कमाईतले जवळजवळ दोन टक्के जातात. दुसऱ्याला पगाराच्या चिठ्ठीवर आपले नाव शोधायला चष्मा लागतो. समतेच्या इतक्या गप्पा ऐकल्या, प्रत्यक्ष पाहिली ती आपल्याकडेच.

फेब्रुवारीचे रहस्य उलगडून सांगितल्याबद्दलही आभार. अकरा महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे. वर्षातला सगळ्यात तोकडा महिना आणि त्यालाच कापणी मोठी. आमचे मुनीमजी दर साली विचारतात, "मालक, ह्या महिन्यात शंभर जास्तीचे कशाचे?" मी त्यांना गणित सांगतो: बावीसशे आणि तीनशे मिळून अडीच हजार, राज्यघटनेची मर्यादा बरोबर भरते. ते मान हलवतात. मग ढोलावरचा गडी त्यांना विचारतो आणि ते त्याला सांगतात, "घटनेत लिवलंय." फेब्रुवारीत आमच्या भागात हळदीची काढणी सुरू होते, हाताला काम भरपूर असते, त्यामुळे कोणी फार वाद घालत नाही. महिन्याची निवड आपण विचारपूर्वक केली असणार.

राज्यघटनेवरून आठवले. उत्पन्नावर कर लावणे हे केंद्राचे काम. पण आपल्यासाठी घटनाकारांनी कलम २७६ मध्ये खास दार ठेवले: हा कर उत्पन्नाशी संबंधित आहे एवढ्यावरून तो अवैध ठरणार नाही. म्हणजे आपण पगार पाहून ठरता, पगारातून कापले जाता, पण आयकर नव्हे. पूर्वी मर्यादा अडीचशे रुपयांची होती. १९८८ साली साठावी घटनादुरुस्ती झाली आणि ती अडीच हजार झाली. आपल्यासाठी आख्खी राज्यघटना दुरुस्त होते. आमच्या बसस्टँडसमोरचा खड्डा दुरुस्त व्हायला यापेक्षा वेळ लागतो.

एका गोष्टीबद्दल मात्र मनापासून धन्यवाद. १ एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात बायांच्या पंचवीस हजारांपर्यंतच्या पगाराला आपण हात लावत नाही. आमच्याकडे कांडी आणि गड्डा निवडणाऱ्या बाया आपल्या तावडीतून सुटल्या. पुरुषांची साडेसात हजारांची रेघ २०१४ मध्ये आखली, ती तशीच आहे. तेव्हापासून डाळ, गॅस, बसचे तिकीट सगळे हलले, आपण हलला नाहीत. आजच्या जमान्यात एवढे स्थैर्य दुर्मीळ.

सवलतींच्या यादीत कापड गिरण्यांतले बदली कामगारही आहेत, हे वाचून डोळे पाणावले. मुंबईतल्या गिरण्यांच्या जागी आता मॉल उभे आहेत. कामगार गेले, बदलीही गेली, सवलत शाबूत आहे.

आता आपल्या कागदांकडे वळतो. आपण एकटे असून आमच्याकडे दोन रूपांत येता. नोकरांच्या पगारातून कापायचे ते वेगळे प्रमाणपत्र आणि मालकाने स्वतःचे भरायचे ते वेगळे. पहिल्याचा क्रमांक २७ ने सुरू होतो, दुसऱ्याचा ९९ ने. पहिल्याचे विवरणपत्र भरायचे, दुसऱ्याचे नाही, पण त्याचे पैसे ३० जूनच्या आत टाकायचे. कंपनी काढली तर कंपनीचे स्वतःचे अडीच हजार आणि संचालकांचे प्रत्येकी अडीच हजार. यामुळेच आम्ही कंपनी काढली नाही. आम्हाला साधे ठेवल्याबद्दल आभारी आहोत.

आपले पंचांगही स्वतंत्र. साऱ्या देशाचे आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होते. लहान मालकाच्या वार्षिक विवरणपत्रात आपण पगार मोजता मार्च ते फेब्रुवारी आणि ते हवे ३१ मार्चच्या आत. चुकले तर विलंब शुल्क हजार रुपये, महिन्याभरात सुधारले तर दोनशे. कर किती होता याच्याशी शुल्काचा संबंध नाही. माणूस लहान असला तरी त्याची चूक आपण लहान मानत नाही, हा केवढा सन्मान!

इथवर सगळे अंगवळणी पडले होते. मग मी निजामाबादला गोदाम घेतले.

का घेतले, ते सांगतो. हळदीच्या धंद्यात वसमत आणि निजामाबाद ही शेजारची घरे. २०२४ साली 'वसमत हळदी'ला भौगोलिक मानांकन मिळाले, वसमतला हळद संशोधन केंद्र आले, आम्ही छाती फुगवली. २०२५ च्या जानेवारीत केंद्राने राष्ट्रीय हळद मंडळ सुरू केले आणि त्याचे मुख्यालय ठेवले निजामाबादला. आम्ही म्हटले, ठीक आहे, मंडळ आपल्याकडे येत नसेल तर आपण मंडळाकडे जाऊ. नांदेडहून बिलोली, बिलोली सोडून मांजरा नदी ओलांडली की बोधन आणि पुढे निजामाबाद. हळद लादलेला ट्रक सकाळी निघाला तर दुपारी रिकामा होतो.

माझ्या आजोबांच्या काळात वसमत आणि निजामाबाद एकाच हैदराबाद संस्थानात होते. १९४८ च्या सप्टेंबरात निजामाची राजवट गेली, १९५६ च्या नोव्हेंबरात भाषेप्रमाणे राज्ये झाली, आम्ही इकडे आलो आणि ते आंध्रात गेले. २०१४ मध्ये तेलंगण वेगळे झाले. या सगळ्यात हळदीचा रंग बदलला नाही. बदललात ते आपण. मांजरा नदीच्या अलीकडे आपण एक आणि पलीकडे दुसरेच. तिकडे आपले नाव 'वृत्ति पन्नु', कायदा १९८७ चा, दर वेगळे, कागद वेगळे, तारीख वेगळी.

पलीकडच्या तीरावर आपण जरा दयाळू आहात, हेही नमूद करतो. पंधरा हजारांपर्यंत आपण तिथे काही घेत नाही. पंधरा ते वीस हजारांना दीडशे, त्याच्या वर दोनशे. मी गोदामावर जो माणूस ठेवला, त्याचा पगार बरोबर पंधरा हजार होता. आपल्याला त्याची गरज नव्हती, त्याला आपली नव्हती, मला नोंदणीची नव्हती. सगळे सुखात चालले होते.

मग दसरा आला. हिंगोलीचा दसरा म्हणजे काय, हे मराठवाड्यात कोणाला सांगायला नको. त्या उत्साहात मी त्या माणसाला हजार रुपये पगारवाढ दिली.

साहेब, ती वाढ ऐकून सर्वांत आधी आपण जागे झालात. पंधरा हजारांचा माणूस सोळा हजारांचा झाला, आपले दीडशे लागू झाले आणि ते कापायचे तर मालकाची तेलंगणात नोंदणी हवी. त्याला वाढ मिळाली, मला नवे राज्य मिळाले.

नोंदणीचा सोहळा थोडा सविस्तर सांगतो, कारण आपण इतक्या उंचीवरून पाहता की तपशील दिसत नसतील.

जे पान भरायला समोर आले, त्यात मालकाचा कायमचा पत्ता हवा होता. राज्य निवडले, महाराष्ट्र. मग जिल्ह्यांची यादी उघडली. तीत परभणी होता, नांदेड होता, हिंगोली नव्हता. आमचा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, हे त्या यादीपर्यंत पोचायचे होते. गावच्या वडीलधाऱ्यांना आनंद झाला, त्यांच्या मते आम्ही अजून परभणीतच आहोत. मी परभणी निवडले. पुढच्या पायरीवर उत्तर आले की पत्ता आधारशी जुळत नाही.

गावाचे नावही जुळेना. पॅनच्या नोंदीत बसमत, आधारवर वसमत, दुकानाच्या जुन्या कागदावर बसमथ. तिन्ही एकच, हे पोस्टमनला ठाऊक आहे, एसटीच्या कंडक्टरला ठाऊक आहे, औंढ्याला जाणाऱ्या वाट चुकलेल्या यात्रेकरूलाही कळते. पण आपल्या दारावरचा संगणक शुद्धलेखनाचा कडक. इतक्या बारकाईने माझ्या गावाकडे याआधी कोणी पाहिले नव्हते.

मग जागेचा पुरावा. भाडेकरार होता, तेलुगूत होता, शिक्का होता. सोबत वीजबिल लागते. गोदामाचे वीजबिल घरमालकाच्या वडिलांच्या नावे आणि वडील वारलेले. पान म्हणाले, बिल ज्यांच्या नावे आहे त्यांचे संमतीपत्र जोडा. घरमालक भला माणूस, त्याने आकाशाकडे पाहून हात जोडले. मी दोघांतर्फेही आपल्याला कळवतो की स्वर्गस्थांची सही मिळण्यास विलंब लागेल.

बँकेने म्हटले, तेलंगणात खाते उघडायचे तर तिथली नोंदणी दाखवा. नोंदणीने म्हटले, तिथल्या खात्याचा रद्द केलेला चेक दाखवा. दोघांनीही फार गोड शब्दांत सांगितले. शेवटी निजामाबादच्या एका सल्लागाराला गाठले. तो हुशार माणूस, चार भाषांत बोलतो आणि पाचवीत बिल करतो. महिन्याला दीडशे रुपये भरता यावेत म्हणून त्याने जी फी सांगितली, तीत आपले दीडशे कित्येकदा भरून होतील. आमच्याकडे याला चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात. इथे कोंबडीही माझी नाही. ती गोदामवाल्याची, मसाला माझा आणि जेवणार आपण.

(वाचकहो, एक गोष्ट नीट पाहा. हा कर मालकाचा नाही, नोकराचा आहे. तो गोळा मालक करतो, हिशेब मालक ठेवतो, चलन मालक भरतो, उशीर झाला तर दंड मालकाला. सरकारचा वसुली कारकून म्हणून काम करायचे आणि वर त्या नोकरीच्या नोंदणीसाठी सल्लागाराची फी स्वतःच्या खिशातून द्यायची. पगार मागितला तर हसतील.)

नोंदणी झालीच, तर पुढचा आनंद दर महिन्याचा. महाराष्ट्रात लहान मालकाचे काम वर्षातून एकदा. तेलंगणात दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत विवरणपत्र. वर्षातून बारा वेळा मी आपल्याला कळवायचे की माझ्याकडे तोच माणूस आहे, पगार तोच आहे आणि दीडशे रुपयेही तेच आहेत. नातलग एवढ्या नियमाने खुशाली विचारत नाहीत.

ही बातमी वसमतला पोचायची ती पोचलीच. ढोलावरचा गडी संध्याकाळी हात धुऊन माझ्यासमोर उभा राहिला. हळद हाताची निघते, नखांची निघत नाही. म्हणाला, "मालक, मला निजामाबादला टाका की. तिकडं बारा हजाराला काय लागत न्हाई म्हणं." मी म्हटले, अरे, तिथे भाडे आहे, खानावळ आहे, बायकापोरे इथे. तो म्हणाला, "आडीच हजार तर वाचतील." साहेब, माणसाने नदी का ओलांडावी, याची कारणे पुस्तकांत पुष्कळ दिली आहेत. हे त्यांत नव्हते.

त्याला मी पुढचे सांगितले नाही. बिदरकडे गेला असता तर कर्नाटकात आपण पंचवीस हजारांच्या आत कोणाला विचारत नाही. उत्तर प्रदेशात, राजस्थानात, दिल्लीत तर आपण राहतच नाही. तिथली सरकारे आपल्याशिवाय चालतात. कशी चालतात, हे आपण एकदा जाऊन पाहावे. प्रवासखर्चाची वर्गणी आम्ही काढू.

बाकी मंडळीही उल्लेखावाचून राहू नयेत. जीएसटीचा नंबर राज्यागणिक वेगळा, आमचा २७ ने सुरू होणारा आणि तिकडचा ३६ ने. दुकाने व आस्थापनांची नोंद वेगळी. ईएसआय लागू असेल तर दुसऱ्या राज्यातल्या शाखेला उपक्रमांक. पीएफवाले त्यातल्या त्यात समजूतदार, त्यांचा एक क्रमांक शाखांनाही चालतो. माणसे वाढली की तेलंगणाचा कामगार कल्याण निधी: वर्षाला कामगाराचे दोन रुपये आणि मालकाचे पाच. हे सात रुपये भरण्याचा खर्च मी आपल्याला सांगत नाही, आपण कमीपणा वाटून घ्याल.

१ जुलै २०१७ रोजी मध्यरात्री संसदेत जीएसटीचा सोहळा झाला, एक देश एक कर. बहुतेक मालावरचा व्हॅट गेला, प्रवेश कर गेला, जकातीचे नाके उठले. विक्रीकर भवनांवरच्या पाट्या बदलल्या. त्या गर्दीत आपण हळूच मागे सरकून भिंतीला टेकून उभे राहिलात आणि कोणाचे लक्ष गेले नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून एकोणतीस कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता आल्या. त्यांतही आपले नाव नाही. इतक्या वादळांतून जो साबूत उरतो, त्याच्या अंगी काही दैवी अंश असला पाहिजे. आमच्या जिल्ह्यात औंढ्याला ज्योतिर्लिंग आहे आणि नर्सीला नामदेवांचे जन्मस्थान, त्यामुळे दैवी अंश आम्हाला लांबून कळतो.

आपल्या दीर्घायुष्यावर आणखी एक कृपा झाली आहे. नव्या आयकर प्रणालीत आपल्या रकमेची वजावट मिळत नाही. म्हणजे ज्याला आयकर बसतो, तो आपल्याला दिलेल्या अडीच हजारांवरही आयकर देतो. करावर कर. आणि पंधराव्या वित्त आयोगाने तर आपली मर्यादा अडीच हजारांवरून अठरा हजारांवर न्यावी, अशी शिफारस करून ठेवली आहे. ती अमलात आली की आमच्याकडची मंडळी आपल्याला पीटी म्हणणार नाहीत, पूर्ण नावाने हाक मारतील.

तोवर हात जोडून काही मागणे. फार मोठे नाही. कर्नाटकाने जी रेघ आखली आणि महाराष्ट्राने बायांसाठी जी आखली, ती पंचवीस हजारांची रेघ महाराष्ट्रातल्या पुरुषांनाही लावावी. म्हणजे ढोलावरच्या गड्याला नदी ओलांडायचा विचार करावा लागणार नाही. आणि माझा जो एक पॅन नंबर आपल्या सगळ्या भाऊबंदांना पाठ आहे, त्याच नंबरावर कोणत्याही राज्यातले दीडशे रुपये भरून घ्यावेत. बँकांच्या एका बटणावर गल्लीतला भाजीवाला कुठूनही पैसे घेतो. आपण भाजीवाल्याहून मोठे, तेव्हा हे आपल्याला जमायला हरकत नाही.

हे जमणारे नसेल तर भीक नको पण कुत्रा आवर, एवढेच म्हणणे आहे. आपल्याला पाठवून देण्याचा आणि ठेवून घेण्याचा अधिकार आपल्या हाती नाही, हे मला समजते. म्हणून पुढचे दोन शब्द आपल्याला नाहीत, आपल्या मागे बसलेल्या आमच्या पाच तालुक्यांच्या आमदारांना आहेत.

आमदार साहेब, कलम २७६ हा कर लावायची परवानगी देते, सक्ती करत नाही. मर्यादा वाढवायची तर घटनादुरुस्ती लागते, दिल्ली लागते. हा कर कमी करायला किंवा काढून टाकायला विधिमंडळाचे एक साधे विधेयक पुरते. येत्या अधिवेशनात एवढा एक प्रश्न विचारा: बारा हजार पगाराच्या माणसाकडून अडीच हजार गोळा करायला मालकांचा आणि सरकारचा मिळून खर्च किती येतो?

कळावे, लोभ नसला तरी चालेल.

आपला आज्ञाधारक, विनामूल्य वसुली कारकून,
एक हळद व्यापारी, वसमत

ता. क. गोदामावरच्या माणसाची परत पगारवाढ करायची आहे. एकोणीस हजार करावा असा विचार आहे. वीसच्या वर जात नाही, तिथे आपण दोनशे मागता.